व्यक्तिमत्त्व विकासाचे पाच रविवार

बदलापुरात थंडी पडते ती जेमतेम दोन आठवडे. तेवढ्यात लोक कपाटातले स्वेटर काढून मिरवून घेतात, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या गल्लीत दूधवाला कानाला मफलर गुंडाळून येतो, आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला बॅनर लागतो. यंदाही लागला. ‘वीकेंड एनरिचमेंट वर्कशॉप. आपल्या पाल्यातील सुप्त हिरा ओळखा.’ खाली कोट घातलेला एक माणूस हाताची घडी घालून उभा. दरवर्षी माणूस बदलतो मेला, हाताची घडी तीच असते.

रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याने तोच बॅनर मोबाईलवर दाखवला. साक्षीच्या शाळेच्या ग्रुपवर आला होता. साक्षी आमची मुलगी, सातवीत आहे.

“टाकूया का हिला? शनिवार-रविवार मोबाईल तरी सुटेल हातातला.”

“काही गरज नाही,” मी म्हणाले. “हिरा मी रोज सकाळी ओळखते, सात वेळा हाक मारल्यावर उठतो तो.”

“अगं, पण एवढं चिडायला काय झालं?”

खरंच, काय झालं? पोळी तव्यावर करपली तरी माझं तोंड चालूच होतं. व्यक्तिमत्त्व म्हणजे काय दुधी भोपळा आहे, पाच रविवार पाणी घातलं की वाढला? ज्याला स्वतःच्या घरात कोणी विचारत नाही तो दुसऱ्यांच्या पोरांना आत्मविश्वास शिकवायला निघतो, उंटावरचा शहाणा. नवऱ्याने ताट पुढे ओढलं. साक्षीने मात्र विचारलं, “मम्मी, तू गेली होतीस का कधी अशा वर्कशॉपला?”

गेले होते. म्हणून तर.

दोन हजार चार सालचा हिवाळा. मी नववीत, अंबरनाथला, मोरिवलीत राहायचे. थंडी पडली की आमच्याकडे कारखान्यांचा वास खाली बसायचा. उन्हाळ्यात तो वर निघून जायचा, थंडीत मात्र सकाळी खिडकी उघडली की थेट नाकात. कधी कुजक्या अंड्यांचा, कधी तोंडात विरघळलेल्या औषधाच्या गोळीचा. पप्पा त्यातल्याच एका कारखान्यात ऑपरेटर होते आणि वासावरून सांगायचे, आज कोणत्या प्लँटला काय चाललंय. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. पाहुणे आले की तेच नाकाला रुमाल लावायचे.

रविवारी सकाळी मी विहारात जायचे. तिथे एक निवृत्त मास्तर वस्तीतल्या पोरांना सतरंजीवर बसवून इंग्रजी शिकवायचे. फळा एका कोपऱ्यात फुटलेला. मास्तर चिडके होते, तंबाखूमुळे त्यांचे दात काळे पडलेले, आणि चुकलं की “डोंबल तुझं!” म्हणून ओरडायचे. आज मी ऑफिसात जी चार वाक्यं इंग्रजीत धड लिहिते ती त्या फुटक्या फळ्याची कमाई. पण त्या हिवाळ्यात मी विहार सोडलं. कारण शाळेतल्या बाईंनी वर्गात पत्रकं वाटली होती, गुळगुळीत कागदाची: ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, पाच शनिवार, पाच रविवार.’ शिकायचं म्हटलं की पप्पा कशालाही हो म्हणायचे. “आमच्यासारखं नको व्हायला. साहेब आला की जीभ टाळ्याला चिकटते आमची,” असं म्हणून त्यांनी लगेच फॉर्मवर सही केली. मास्तरांना सांगायला मी गेलेच नाही.

माझ्याबरोबर जयूने नाव घातलं. जयश्री. मोरिवलीच्या जुन्या गावातली, आगऱ्यांची. तिच्या बाबांची शेती कारखान्यांनी कधीच गिळली होती, ते टेम्पो चालवायचे. मी त्यांना काका म्हणायचे. जयूची आई त्याच वर्षी गणपतीनंतर काविळीने गेली होती. आणि जयू रडली नव्हती. म्हणजे अजिबातच नाही. मयताला नाही, दहाव्याला नाही, दिवाळीतही नाही. शाळेत यायची, गणितं सोडवायची, घरी जाऊन भाकऱ्या थापायची. आळीतल्या बायका म्हणायच्या, पोरीच्या छातीत दगड बसलाय, हा कधीतरी जीव घेईल. कोणीतरी काकांना सांगितलं की शिबिरात पोरं मोकळी होतात. झालं, काकांनी तिला पाठवली. व्यक्तिमत्त्वासाठी नाही, रडण्यासाठी.

शिबिर होतं उल्हासनगर कॅम्प एकमध्ये. दोन रिक्षा बदलून जायचं. खाली कापडाची दुकानं, “आओ बेटा, अंदर आके देखो” करणारे दुकानदार, कोपऱ्यावर कढईत तळले जाणारे, डाळीबरोबर खायचे सिंधी पकवान, आणि दुसऱ्या मजल्यावर लग्नाचा हॉल. आदल्या रात्रीच्या साखरपुड्याची प्लास्टिकची फुलं अजून लटकत असायची. स्टेजवर वधूवरांच्या दोन लाल खुर्च्या बाजूला सरकवलेल्या, आणि मध्ये आमचे प्रसाद सर.

काय सांगावं त्यांचं! कोट. थंडी असो नसो, कोट. गळ्यात टाय, आणि टायवर पकवानच्या डाळीचा डाग, तो पाचही रविवार तिथेच होता. हॉलमध्ये शिरले की ओरडायचे, “कसं वाटतंय?” आम्ही शंभर पोरांनी मूठ हवेत मारून ओरडायचं, “फर्स्ट क्लास, सर, फर्स्ट क्लास!” एका रविवारी पहिल्या रांगेतला एक पोरगा तापाने फणफणला होता. तोही फर्स्ट क्लास म्हणून ओरडला आणि तिथल्या तिथे ओकला. सर म्हणाले, “निगेटिव्हिटी बाहेर पडते आहे.” पुसलं मात्र हॉलच्या मावशींनी.

हात कसा मिळवायचा यावर एक अख्खी दुपार गेली. आरशासमोर उभं राहून ‘मी ग्रेट आहे’ असं किती वेळा म्हणायचं, यावर दुसरी. मग ती गरुडाची गोष्ट. म्हणे गरुड म्हातारा झाला की डोंगरावर जातो, दगडावर आपटून आपटून स्वतःची चोच तोडतो, नवी चोच येते आणि तो पुन्हा तरुण होतो. सरांचा आवाज असा चढलेला की स्पीकर किंचाळत होता. आम्ही भारावलो. जयूच्या घरी कोंबड्या होत्या. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “चोच तुटली त कोंबरी दोन दिसांत मरते गो. खाईल कशी?” मला हसू फुटलं आणि लगेच रागही आला. एवढं छान चाललेलं असताना हिला कोंबड्या आठवतात!

राग यायचं कारण होतं. दुसऱ्या रविवारी सरांनी मला ग्रुप लीडर केलं होतं. छातीवर पिवळा बिल्ला, हातात ‘निरीक्षण वही’. दहा पोरांचा ग्रुप माझ्या ताब्यात. जयूही त्यातच. कोण बोलतं, कोण बोलत नाही, कोण टाळ्या मनापासून वाजवत नाही, सगळं त्या वहीत लिहायचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कोटवाल्याने मला नावाने हाक मारली होती. घरी गेल्यावर पप्पांनी बिल्ला हातात घेऊन उजेडात धरून पाहिला. मी तर हवेतच होते. शेंबडी पोर, पण चालायला लागले होते कलेक्टरीणबाईसारखी.

तिसऱ्या रविवारी परतताना आम्हाला रिक्षा मिळेना. जयूने कोपऱ्यावरून घेतलेला पापड मोडून मला अर्धा दिला आणि रस्त्याकडे बघत एकदम बोलायला लागली. आई गेली त्या दिवशी सकाळी जयू शाळेला निघाली होती. गणिताची घटक चाचणी होती. काका टेम्पो घेऊन गेलेले. आईने अंथरुणातून हाक मारली, आज नको जाऊ, माझ्याजवळ बस. जयू म्हणाली, पेपर आहे, दुपारी येते. आईने पुन्हा हाक मारली ती तिने दारातून ऐकली. आणि ती गेली. दुपारी आली तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

“बाबांना म्हाईत नाय,” ती म्हणाली. “त्यांना वाटतं, आय झोपलेली व्हती तवा मी गेले. सुजे, तू कोनाला बोलू नको हां.”

“नाही गं, वेडी का तू,” मी म्हणाले. रिक्षा आली, आम्ही बसलो. तिने उरलेला पापडही मलाच दिला.

त्याच आठवड्यात नाक्यावर काका भेटले. टेम्पोचं बोनेट उघडून उभे होते. मला बघून हात पुसत पुढे आले आणि हळूच विचारलं, “काय गो पोरी, रडली का ती तिथं?”

“नाही काका.”

“पन बोलते का काय?”

“बोलते की. हसते पण.”

“हसते त्याचा काय करू,” काका म्हणाले. “एक डाव रडली पायजे. त तिला बरा वाटंल.”

चौथ्या रविवारी लीडर्स मीटिंग झाली. आम्ही दहा लीडर, सर, आणि मध्ये डाळ-पकवान. सर म्हणाले, “शेवटच्या रविवारी पालक येणार. प्रत्येक ग्रुपमधलं एक तरी कुलूप उघडायचंय. सांगा, तुमच्या ग्रुपमध्ये कोण बंद आहे?” एकाने सांगितलं, अमुक मुलगा अंथरूण ओलं करतो. दुसरीने सांगितलं, तमकीचे वडील पितात. सर माना डोलवत लिहून घेत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “सुजाता, तू माझी बेस्ट लीडर आहेस.”

आणि मी सांगितलं. सगळं. घटक चाचणी, अंथरूण, दारातून ऐकलेली दुसरी हाक. सांगताना काकांचं बोनेटजवळचं तोंड डोळ्यांपुढे आणलं आणि स्वतःला समजावलं की हे जयूच्याच भल्यासाठी आहे. खोटं. सरांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं होतं, त्याची किंमत होती ती. बाकीच्या नऊजणांपैकी कुणाकडे एवढं मोठं काही नव्हतं.

सर म्हणाले, “एक्सलंट.”

पाचवा रविवार. पप्पांची पहिली पाळी होती म्हणून ते येऊ शकले नाहीत. काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना पाणी लावून भांग. ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, खुर्च्या रिकाम्या असूनही. सरांनी ट्यूबलाइट घालवल्या, बासरीची कॅसेट लावली आणि माईक अगदी तोंडाजवळ धरून कुजबुजायला लागले. डोळे मिटा. समजा, आज तुम्ही घरी गेलात. दार उघडं आहे. स्वयंपाकघरात आई नाही. तुम्ही हाक मारता, उत्तर येत नाही. अंगणात लोक जमलेत…

हॉल हंबरडा फोडून रडायला लागला. पोरांच्या जित्याजागत्या आया मागे बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर पापडाची पिशवी होती, एक छोट्याला बिस्किट भरवत होती. त्याही रडायला लागल्या. आपल्याच मरणाला! आम्ही लीडर नॅपकिन घेऊन फिरत होतो, आणि जे रडत नाहीत त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा, अशी सूचना होती. तमाशात निदान तिकीट काढून लोक येतात आणि आपण तमाशा बघतोय हे त्यांना ठाऊक तरी असतं. इथे पोरांच्या आया मारून त्याला संस्कार म्हणायचं.

जयूचे डोळे उघडे होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जरा सरकून मला बसायला जागा केली.

तेवढ्यात सरांनी हाक मारली, “जयश्री. पुढे ये बेटा.”

स्टेजवर त्या दोन लाल खुर्च्यांपैकी एक मध्ये आणून ठेवली होती. सरांनी जयूच्या हातात माईक दिला. “ही खुर्ची रिकामी नाही, जयश्री. इथे तुझी आई बसली आहे. त्या दिवशी सकाळी तिने तुला हाक मारली होती ना? ‘जाऊ नकोस, माझ्याजवळ बस’ म्हणाली होती ना? आणि तू पेपरसाठी निघून गेलीस. दुसरी हाक ऐकूनही गेलीस. आज तिची माफी माग. बोल, आईशी बोल.”

मी मागे वळून पाहिलं. काका भिंतीपासून सुटून उभे होते. तोंड किंचित उघडं.

जयू खुर्चीकडे बघत होती. कॅसेटची बासरी वाजत होती, पोरांचे हुंदके थांबले होते, अख्खा हॉल वाट बघत होता की आता ही पोर फुटेल. मीही वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. मग ती माईकमध्ये, सरांनी पाच आठवडे सुधारलेली भाषा बाजूला ठेवून, घरात बोलतात तसं बोलली.

“सर, माजी आय खुर्चीवर नाय बसाची. ती खालीच बसाची.”

दोन-तीन पोरं फिसकन हसली. आगऱ्यांच्या घरात सून दिराजावांसमोर, सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही, ही साधी गोष्ट त्या दीडशहाण्याला कोण सांगणार? आईला बोलवायला निघाला, आणि आई कुठे बसते तेही ठाऊक नाही. पण असली माणसं हार मानत नाहीत. माईक ओढून घेत ते ओरडले, “बघा! कुलूप उघडलं! ती बोलली! टाळ्या!” आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. कडकडून. जयू स्टेजवरून उतरली, सरळ मागे गेली, काकांच्या बाजूने जिन्याकडे निघाली. काका तिच्या मागून गेले.

मी गेले नाही. पुढचा कार्यक्रम प्रमाणपत्रांचा होता आणि पहिलं नाव माझं होतं. ‘उत्कृष्ट ग्रुप लीडर’. मी ते घ्यायला थांबले. हसून फोटोही काढला. पप्पांनी प्रमाणपत्राला फ्रेम केली, मोरिवलीच्या घरात भिंतीवर अजून आहे. पप्पा गेल्या महिन्यातही पाहुण्यांना दाखवत होते. काढा म्हटलं तर म्हणतात, तुला कौतुकच नाही कशाचं.

साक्षीला मी हे सगळं जेवताना सांगितलं. कोट, डाळीचा डाग, ओकणारा पोरगा, गरुड. ती खो खो हसली. खुर्चीची गोष्ट ऐकून म्हणाली, “कसले होते तुझे सर, यार!” मीही वाढवून वाढवून सांगितलं, शिव्या घातल्या, नवराही हसला. सरांची टर उडवणं सोपं आहे. वीस वर्षं तेच करते मी. शिबिराचा विषय निघाला की माझी जीभ सुटते, मैत्रिणी म्हणतात, सुजाताला एकदा सुरू करून दिलं की बघायलाच नको.

मग साक्षीने विचारलं, “पण सरांना कसं कळलं, त्या जयूच्या आईने हाक मारलेली?”

“कळलं असेल कुठूनतरी,” मी म्हणाले. “ताट उचल तुझं.”

जयू आता वांगणीला असते. बदलापूरच्या बाजारात अधूनमधून भेटते. भाजी घेता घेता पोरांची चौकशी करते, साक्षी किती उंच झाली म्हणते. छान बोलते. पण त्या हिवाळ्यानंतर दहावीपर्यंत एका बाकावर बसूनही तिने मला घरातलं काही म्हणजे काही सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मागच्या वर्षी काका गेले. मी दहाव्याला गेले होते. जयू रडत होती, चारचौघींसारखी, पदर तोंडाला लावून. मी तिच्याजवळ बसले, पाठीवरून हात फिरवला, आणि जे सांगायला गेले होते ते न सांगता उठून आले. आणि ज्यांना खरं सांगायचं होतं ते काकाच आता नाहीत.

कारण त्या रविवारी मी त्यांच्याच टेम्पोतून घरी आले. प्रमाणपत्र घेऊन खाली उतरले तर काका थांबले होते. दुसऱ्याची पोर, एकटी कशी जाणार, म्हणून थांबले. पुढे केबिनमध्ये आम्ही तिघं. काका, मध्ये जयू, खिडकीशी मी. दुपारचं ऊन काचेतून मांडीवर पडलं होतं. कॅम्पातली दुकानं मागे गेली, विठ्ठलवाडी गेली. उल्हासनगर संपता संपता काकांनी समोर बघतच विचारलं, “त्या सरला कोनी सांगला ता?”

प्रमाणपत्र गुंडाळून मी दोन्ही हातांत घट्ट धरलं. मी बोलायला हवं होतं. ‘काका, मी सांगितलं’, एवढे तीनच शब्द. जयूने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं, मी काय करते ते. बरोबर तेवढा वेळ दिला तिने मला. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“मीच सांगला,” जयू म्हणाली.

काकांनी गियर बदलला. मग ते इतकं हळू बोलले की इंजिनाच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं.

“त्याना सांगलास. मना नाय सांगलास.”

जयू खाली मान घालून बसली. तिचे खांदे हलायला लागले, आणि गणपतीनंतर पहिल्यांदा ती रडली. मी अजून खिडकीबाहेरच बघत होते.